अदेरितोच्या वाट्याचं चालणं

झुल्मिराने नवऱ्याचा मोबाइल ॲप्रनच्या खिशात टाकला, खिशाला वरून सेफ्टीपिन टोचली आणि नवऱ्याच्या वाट्याचं चालायला ती घराबाहेर पडली.

वाट चढाची होती. चर्चला मागून वळसा घालून ती चेस्टनटच्या बागांमधून पाण्याच्या टाकीपर्यंत जायची आणि दुसऱ्या अंगाने उतरून बंद पडलेल्या शाळेपाशी निघायची. ऑक्टोबर सरत आला होता. झाडांखाली काटेरी बोंडं उकलून पडली होती, आणि ती वेचायची सोडून आपण हात हलवत चाललोय याचा तिला पावलोपावली राग येत होता.

फाटकापाशी शेंगा सोलत बसलेल्या फेलिस्मिना शेजारणीने तिला हटकलं.

"कुठं निघालीस गं सकाळी सकाळी?"

"अदेरितो फिरायला निघालाय."

फेलिस्मिनाने मान लांब करून रस्त्याकडे पाहिलं. "मग तो कुठाय?"

"घरी. चुलीपाशी."

"अगं बाई! मग जरा बेतानं चाल. त्याचे गुडघे दुखायचे."

झुल्मिराला हसू आलं नाही. ती पुढे गेली. मागून फेलिस्मिनाचं खुदुखुदु हसणं वळणापर्यंत ऐकू येत राहिलं.

या डोंगरात बायका नवऱ्यांच्या वतीने काय काय करतात ते सांगायला बसलं तर दिवस पुरणार नाही. नवऱ्याच्या गोळ्या बायको आणते. नवऱ्याला कुठे दुखतं ते डॉक्टरला बायको सांगते, आणि नवरा सोबत असलाच तर टोपी मांडीवर धरून, दुसऱ्याच कुणाची चौकशी चालली असावी तसा ऐकत बसतो. रविवारी चर्चमध्ये दोघांच्या वाट्याचे गुडघे बायकाच टेकतात. पुरुष बाहेर भिंतीला पाठ लावून सिगारेटी ओढतात. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. तेव्हा नवऱ्याचं चालणं अंगावर घेताना झुल्मिराने काही जगावेगळं केलं होतं, असं तिला स्वतःला तरी वाटलं नव्हतं.

अदेरितो शाळेची गाडी चालवायचा. आजूबाजूच्या वाड्यांवरून पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची, संध्याकाळी पुन्हा ज्याच्या त्याच्या दारात नेऊन टाकायची. गाडीत तो शिट्ट्या मारायचा, पोरांना टोपणनावं ठेवायचा. मग पोरंच संपली. कोणी आईबापांबरोबर फ्रान्सला गेली, कोणी शहरात. शाळेला कुलूप लागलं आणि नगरपालिकेची माणसं येऊन गाडी घेऊन गेली. त्या दिवशी अदेरितो चुलीशेजारच्या खुर्चीत बसला तो बसलाच. आधी झुल्मिराला वाटलं, थोडे दिवस रुसेल. मग वाटलं, हिवाळा गेला की उठेल. हिवाळा गेला. तो जेवायचा, झोपायचा, विचारलं तर 'हं' म्हणायचा. त्याच्या थोरल्या भावाचंही असंच झालं होतं. तो एका वसंतात कुत्र्याला खाऊ घालून, दार नीट ओढून घेऊन तळ्याकडे गेला आणि परत आला नाही. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे. झुल्मिराही बोलत नव्हती. मात्र अदेरितो परसात गेला की परत येईपर्यंत ती खिडकीतून हलत नसे.

ऑगस्टमध्ये लेक सिल्विया ल्योंहून सुट्टीला आली. बापाची दशा पाहून ती आईवरच कडाडली, आणि त्याला धरून तालुक्याच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर तेल्मा तरुण होत्या, भराभर बोलायच्या आणि समोरच्याचं उत्तर येईपर्यंत पेन टकटकवायच्या. हे नैराश्य आहे, त्या म्हणाल्या. गोळ्या देते. शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नाव घालते, पण पाळी वसंताच्या आधी येणार नाही. तोवर लिस्बनहून एक नवी योजना आली आहे, मोबाइलवरचं ॲप. रोज थोडं चालायचं, रोज एखादी बरी वाटलेली गोष्ट लिहायची, दर गुरुवारी प्रश्नांची उत्तरं द्यायची. उत्तरं थेट माझ्या कॉम्प्युटरवर दिसतात.

"आणि नाही दिली तर?" झुल्मिराने विचारलं.

"दोन आठवडे कोरे गेले की लिस्बनवाले नाव काढून टाकतात. जागा दुसऱ्याला जाते. माझ्या हातात नाही ते."

सिल्वियाने बापाला नवा मोबाइल घेऊन दिला, आता याची काय गरज म्हणून घरातला जुना फोन बंद करून टाकला, आणि ती ल्योंला परतली. अदेरितोने तो मोबाइल एकदा हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि टेबलावर ठेवला. त्यानंतर त्याने त्याला बोट म्हणून लावलं नाही.

ॲपमधून एक बाई बोलायची. ब्राझीलच्या मालिकांतल्या नायिकेसारखा तिचा आवाज, तशीच लाडिक सुरावट. "नमस्कार, अदेरितो! आज आपण छोटंसं पाऊल टाकू या का?" असं ती सकाळी सकाळी म्हणाली की झुल्मिराच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अदेरितो पाऊल टाकणार नव्हता. खुर्चीतून चुलीपर्यंतही टाकणार नव्हता. पण नाव कटलं तर वसंतापर्यंत त्याला विचारणारंही कोणी उरणार नव्हतं, आणि वसंत म्हटलं की तिला थोरला दीर आठवायचा. म्हणून पहिल्या आठवड्यातच तिने मोबाइल खिशात टाकला आणि ती चालायला लागली. प्रश्न तिने आधी त्यालाच विचारून पाहिले होते. सूप वाढून ती समोर बसली आणि लहान मुलाकडून धडा म्हणून घ्यावा तसं एकेक विचारू लागली.

"गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागलं नाही, असं किती दिवस झालं? अजिबात नाही, काही दिवस, बरेच दिवस, की जवळजवळ रोज?"

अदेरितोने पाव सुपात बुडवला.

"अरे माणसा, तुला विचारतेय. भिंतीला नाही."

"लिही तुला वाटेल ते," तो म्हणाला.

तेव्हापासून ती तिला वाटेल ते लिहीत आली होती.

घराच्या दगडी भिंती हातभर जाड, आत रेंज नावालाही नव्हती. ती मिळायची फक्त शाळेच्या पायऱ्यांवर. म्हणून चालून झालं की झुल्मिरा तिथे बसायची, चष्मा लावायची आणि नवऱ्याचं मन भरून द्यायची. झोपेचं सोपं होतं, तो घोरायचा. भुकेचंही सोपं. अवघड जायची ती बरी वाटलेली गोष्ट, ब्राझीलवाली रोज मागायची ती. अदेरितोला काय बरं वाटतं? इतकी वर्षं संसार केला, पण गाडी आणि पोरं सोडून तिला दुसरं काही आठवेना. मग ती आपल्यालाच सुचेल ते टाकायची. चर्चच्या भिंतीशी ऊन खाल्लं. टाकीवरून पलीकडचा डोंगर स्वच्छ दिसला. फेलिस्मिनाच्या मांजरीला पिल्लं झाली. सगळ्यात शेवटी तो प्रश्न यायचा, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं का, हा. तिथे ती छातीवर क्रूस काढून झटकन 'अजिबात नाही' दाबायची आणि मोबाइल खिशात टाकायची.

महिन्याच्या गोळ्या आणायला ती आरोग्य केंद्रात गेली, तेव्हा डॉक्टर तेल्मांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर एक निळी रेघ वर चढत गेली होती.

"बघा, दोना झुल्मिरा. सेन्योर अदेरितो किती छान चालतात! माझ्या रुग्णांमध्ये एवढं कुणीच चालत नाही. टाकीचा चढ चढतात म्हणे?"

"चढतात," झुल्मिरा म्हणाली. तिची पोटरी अजून दुखत होती.

"आणि लिहितात किती सुरेख! तो डोंगराचा मजकूर मी नर्सला वाचून दाखवला." डॉक्टरांनी पेन टकटकवलं. "फक्त एक कळत नाही. चालणं वाढतंय, लिहिणं चांगलं आहे, पण गुरुवारची उत्तरं दर आठवड्याला थोडी घसरतात. असं व्हायला नको. घरात काही झालंय का?"

"घरात काय व्हायचंय? तो असतो, मी असते."

"पुढच्या वेळी त्यांना घेऊन या."

"तो नाही येत."

"का?"

या 'का'चं उत्तर असतं तर झुल्मिराला टाकीचा चढ चढावा लागला नसता. तिने गोळ्यांची पिशवी उचलली. बाहेर पडताना नर्सने हात धरून सांगितलं, "सेन्योर अदेरितोंना माझा नमस्कार सांगा. मांजरीची पिल्लं कशी आहेत?" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. दोघीजणी तिच्या नवऱ्याचं कौतुक करत होत्या, आणि त्या कौतुकातला माणूस तिच्या घरात नव्हताच.

त्या गुरुवारी ती दिवसभर बागेत वाकून होती. चेस्टनट वेळेवर वेचले नाहीत तर किडे पडतात, आणि ते न्यायला व्यापाऱ्याची गाडी शुक्रवारी येऊन जाणार होती. दरवर्षी हे काम दोघं करायची. तो झाडं झोडपायचा, ती वेचायची, दुपारी दोघं भाकरीसारखा जाड पाव आणि सॉसेज खात झाडाखाली पाय पसरून बसायची. यंदा तिने एकटीने झोडपलं आणि एकटीने वेचलं. हातमोज्यातून काटे घुसत होते. पोतं तिने ओढत ओढत दारापर्यंत आणलं. आत पाऊल टाकलं तर घर गार पडलेलं. चूल विझून राख झाली होती. लाकडं अदेरितोच्या उजव्या हाताशी होती, अगदी हात लांब केला की लागतील अशी.

"थंडी नाही वाजली तुला?" तिने विचारलं.

"वाजली."

"मग लाकूड का नाही टाकलंस?"

तो चुलीकडे पाहत राहिला.

झुल्मिराच्या आत काहीतरी फाटलं. ती ओरडली. गावात ऐकू जाईल इतकं ओरडली. तुझ्यासाठी चालते, तुझ्यासाठी लिहिते, लोक मला हसतात, माझी कंबर मोडली, आणि तुला एक लाकूड टाकवत नाही? मी काय तुझी आई आहे का? आई तरी पोरगं मोठं झालं की सुटते! बोलता बोलता तिने झाडू उचलला आणि राख लोटायला लागली, कारण नुसतं ओरडत उभं राहायची तिला सवय नव्हती. झाडू खुर्चीपाशी आला. अदेरितोने पाय तेवढे वर उचलले, तिला झाडता यावं म्हणून.

तिने झाडू तिथेच टाकला आणि ती बाहेर पडली.

शाळेच्या पायऱ्यांवर बसल्यावर तिला आठवलं, आज गुरुवार. खिशातली पिन उघडताना ती बोटात घुसली. "नमस्कार, अदेरितो!" ब्राझीलवाली म्हणाली. "कसा गेला हा आठवडा?"

"मर मेले," झुल्मिरा म्हणाली.

प्रश्न आले. कामात मन लागत नाही? जवळजवळ रोज. थकल्यासारखं वाटतं? जवळजवळ रोज. आपण घरच्यांच्या काही उपयोगाचे नाही, आपल्यामुळे त्यांचं वाटोळं झालं असं वाटतं? ती थांबली. सिल्विया ऑगस्टमध्ये काय म्हणाली होती ते तिला आठवलं. 'आई, तुझं लक्ष कुठं होतं?' तिने दाबलं, बरेच दिवस. शाळेच्या खिडकीवर कधीकाळी पोरांनी चिकटवलेले कागदी पक्षी उन्हाने पांढरे पडले होते. समोरचा रस्ता रिकामा होता. घरी जायचं तिच्या जिवावर आलं होतं. शेवटचा प्रश्न आला आणि तिचं बोट नेहमीप्रमाणे पहिल्या उत्तराकडे गेलं, पण टेकलं नाही. क्रूस काढायचंही तिला सुचलं नाही. ती बराच वेळ त्या चार ओळींकडे पाहत राहिली. मग तिने तिसरी दाबली.

"मोकळेपणाने उत्तरं दिल्याबद्दल आभार, अदेरितो," बाई म्हणाली. यावेळी तिचा आवाज लाडिक नव्हता. पुढे तिने मदतीचा कुठलातरी नंबर सांगितला, पण तोवर झुल्मिराने मोबाइल खिशात टाकला होता. ती घरी गेली, तिने चूल पेटवली आणि सूप गरम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भांडी घासत होती, तेव्हा दारापाशी गाडी करकचून थांबली. दार वाजलं नाही, सरळ उघडलं. डॉक्टर तेल्मा आत आल्या. कोटाची बटणं खालीवर लागलेली, श्वास वर चढलेला.

"कुठे आहेत ते?"

अदेरितो खुर्चीत होता. कॉफीचा पेला गुडघ्यावर धरून तो त्यात बुडवून पाव खात होता. डॉक्टरांनी त्याला नखशिखांत पाहिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटले.

"केंद्र उघडलं आणि समोर लाल खूण," त्या झुल्मिराला म्हणाल्या. "तेव्हापासून फोन लावतेय. कुणी उचलत नाही. वाटेत एक बकऱ्यांचा कळप... जाऊ दे." त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या अदेरितोसमोर बसल्या. "दोना झुल्मिरा, तुम्ही जरा बाहेर थांबाल?"

"त्याला ऐकायला कमी येतं," झुल्मिरा म्हणाली. हे खोटं होतं. ती मोरीपाशीच उभी राहिली आणि घासलेलं भांडं पुन्हा घासू लागली.

"सेन्योर अदेरितो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "काल संध्याकाळी तुम्ही जे लिहिलंत, त्याबद्दल बोलायला आलेय. रागवायला नाही."

अदेरितो पाव चावत होता. "मी लिहिलं?"

"तुम्ही म्हणता की घरच्यांना तुमचा काही उपयोग नाही. बरेच दिवस तसं वाटतंय. आणि..." त्या थांबल्या. "आणि आपण नसतो तर बरं, असंही. तेही बरेच दिवस."

तो चावायचा थांबला. त्याने टेबलावरच्या मोबाइलकडे पाहिलं, मग मोरीकडे. झुल्मिराची पाठ त्याच्याकडे होती. नळ वाहत होता.

"चुकून लागलं," ती न वळता म्हणाली. "बोट चुकून लागलं."

"कुणाचं बोट?"

झुल्मिराने नळ बंद केला. आता बोलणं भाग होतं. "त्याचं नाव काढू नका," ती म्हणाली. "एवढंच करा. तो हात लावत नाही हो त्याला. मी विचारून बघितलं. गोळ्या मीच आणते, तसं मग हेपण मीच..."

"सगळं? उत्तरंसुद्धा?"

"हो."

"आणि चालणं?"

झुल्मिराने मान हलवली.

डॉक्टर तेल्मांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे दोन महिने मी तुमच्या पायांचं कौतुक करतेय! त्या रेघेवर मी गोळी ठरवली, दोना झुल्मिरा. त्यांच्या गोळीचं प्रमाण मी तुमच्या पोटऱ्यांवरून ठरवलं! काय म्हणावं तुम्हा बायकांना? उद्या नवऱ्याचं रक्त तपासायचं म्हटलं तर हात तुम्ही पुढे कराल." त्या उठल्या, स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा बसल्या. "बरं. सेन्योर अदेरितो, आता तुम्हीच सांगा. असं वाटतं का तुम्हाला? मरावंसं?"

अदेरितोने विचार केला. खरोखर विचार केला, कपाळाला आठ्या पडल्या.

"नाही," तो म्हणाला. "मला काहीच वाटत नाही. तेही नाही."

डॉक्टरांनी त्याच्या तोंडाकडे पुरतं निरखून पाहिलं. त्यांचा विश्वास बसलेला दिसला. मग त्यांनी मोबाइल उचलला, आदल्या दिवशीची उत्तरं वर-खाली केली, आणि त्यांचं पेन आपोआप टकटक करायचं थांबलं. त्या स्टुलावरच वळल्या.

"दोना झुल्मिरा, झोप कशी लागते?"

"घोरतो की. कधीमधी कूस बदलतो, पण..."

"त्यांचं नाही विचारत. तुम्हाला."

झुल्मिराने ॲप्रनला हात पुसले. हात कोरडे झाले तरी ती पुसत राहिली. "मला काय धाड भरलीय," ती म्हणाली. "तो रात्री..."

"नाही लागत तिला झोप," अदेरितो म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने कॉफीचा पेला टेबलावर ठेवला होता.

"कोंबडा आरवायच्या आधी उठते. इथं येऊन अंधारात बसते. दिवा लावत नाही, मी जागा होईन म्हणून." त्याने घसा खाकरला. एवढं सलग बोलायची त्याची सवय गेली होती. "मी जागाच असतो."

"तू घोरतोस," झुल्मिरा म्हणाली.

"तू उठेपर्यंत."

डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तो कुणाकडे बघून विचारावा हे त्यांना नीट ठरवता आलं नाही. "जेवण?"

"माझं ताट भरते. स्वतः उभ्यानं पाव खाते. मोरीपाशी. उरला तर कोंबड्यांना टाकते."

"तुला काय माहीत?" झुल्मिराचा आवाज चढला. तिला राग आला होता, कशाचा ते तिला सांगता आलं नसतं. "तू कधी मान वर करून बघतोस का?"

"दिवसभर इथंच तर बसतो, बाई. दुसरं बघायला आहे काय?"

"रडू येतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"टाकीवर जाऊन रडत असावी. फिरून येते तेव्हा डोळे लाल असतात. म्हणते वारा लागला."

"कामात मन?"

"पूर्वी पोतं भरताना गाणं म्हणायची. यंदा नाही म्हटलं. गावात कुणी मेलं तरी हिचं गाणं थांबायचं नाही. काल बागेतून ऐकूच आलं नाही." तो थोडा थांबला. "मी दाराशी जाऊन ऐकून आलो. दोनदा."

झुल्मिरा भिंतीला टेकली. चुलीत लाकूड टाकायला न उठलेला माणूस दाराशी गेला होता. तिला त्याला मारावंसं वाटत होतं.

डॉक्टर तेल्मांनी मोबाइल मांडीवर पालथा घातला. शेवटचा प्रश्न त्यांना पाठ होता. तो त्यांनी विचारला, शब्द न बदलता, अगदी हळू.

अदेरितोने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तो बायकोकडे पाहत राहिला. त्याच्या हनुवटीवर पावाचा तुकडा चिकटलेला होता.

"ते," तो म्हणाला, "ते मला माहीत नव्हतं."

बाहेर फेलिस्मिना कुणाला तरी विचारत होती, डॉक्टरांची गाडी कुणाकडे आली म्हणून. झुल्मिराला सवयीने वाटलं, आता त्याच्या वतीने काहीतरी बोलून टाकावं, पण बोलण्यासारखं त्याच्याकडून काही उरलंच नव्हतं. ती टेबलाशी आली आणि पहिली जी खुर्ची दिसली तीत बसली.

"हो," ती म्हणाली. "मला. मला वाटतं तसं."

डॉक्टर तेल्मांनी अंगातला कोट काढला, गाडीची किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि स्टूल झुल्मिराच्या गुडघ्यांपर्यंत ओढून घेतलं.

अदेरितो खुर्चीचे दोन्ही हात धरून उठला. उभं राहिल्यावर त्याला तोल सावरायला वेळ लागला. तो फडताळापाशी गेला. त्याने एक दार उघडलं, आत वाट्या होत्या. दुसरं उघडलं, तिथे मीठ आणि डाळी. तो इकडेतिकडे चाचपडत राहिला.

"कॉफीचा डबा कुठं असतो?" त्याने विचारलं.

झुल्मिरा अर्धवट उठली. डॉक्टरांचा हात तिच्या मनगटावर आला, धरला नाही, नुसता टेकला. ती पुन्हा बसली.

"वरच्या फळीवर," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "डावीकडे."